पंधरा मिनिटं वारा

फेस्टस मॅक्गव्हर्ननं उरलेले सात दात
कॅरिकच्या दवाखान्यात ठेवले
आणि घरी येऊन पहिल्यांदा बासरीला सांगितलं.
मग कुंपणावरून मला हाक मारली.
गल्लीत पोरं चार होती. पण माझे पुढचे दोन
नुकतेच आले होते, फावड्यासारखे, पक्के.
एवढ्यावर माझी निवड झाली.

"वाजवायची नाही," तो म्हणाला. "नुसता वारा घालायचा.
पंधरा मिनिटं, रोज, शाळेतून येताना.
न फुंकलेलं लाकूड रुसतं."
बोलताना त्याचे स आणि त गळून पडायचे,
मी वेचून वेचून वाक्य लावायचे.

बासरी काळी, जड,
विहिरीतून आत्ताच वर काढल्यासारखी गार.
सहा भोकं. शिवाय चांदीच्या आठ चाव्या,
त्यांना तो बोटही लावत नसे:
"त्या कपाटातल्या कपबशा. फादर आले की काढायच्या."

ग्लासगोत, गहाणाच्या दुकानात, तीन होत्या म्हणे,
तो बोगदे खणायला गेला त्या साली.
एक कोरी करकरीत. एक हस्तिदंती कड्यांची.
आणि ही: फुंकायच्या भोकाची एक कड
कुणाच्या तरी खालच्या ओठानं झिजलेली.
"उंबरठा झिजलेला दिसला
की समजावं, या घरात माणसं येतात."
आठवड्याचा पगार काउंटरवर ठेवून तो बाहेर पडला.

महिनाभर फुस्स.
चहाची किटली माझ्यापेक्षा सुरात होती.
डोकं गरगरलं की तो बिस्किट द्यायचा
आणि मग खरं काम:
तिन्ही तुकडे सोडवायचे, ओढून नाही, पिळून.
गजाला रेशमी रुमाल गुंडाळून आतली ओल टिपायची.
जोडावरचा दोरा सैल वाटला तर मेण लावून दोन वेढे.
शनिवारी बदामाचं तेल. थेंब. घोट नाही.
पेटीत सफरचंदाची साल, लाकडाला तहान लागते म्हणून.

मार्चमधल्या एका गुरुवारी खालचा सूर निघाला.
सहाही बोटं दाबलेली, आणि टेबलावरचा चमचा थरथरला.
फेस्टस बटाटे सोलत होता. सुरी थांबली.
मागे न वळता म्हणाला,
"हां. आहे ती घरात."

पुढच्या हिवाळ्यात कौन्सिलनं रेडिएटर बसवले.
लाइट्रिममध्ये, जिथे भिंतींनाही घाम येतो,
तिथे एका रात्रीत घर खडखडीत
आणि बासरीच्या डोक्याला केसाएवढी चीर.
चीर त्यानं भरून आणली. रेडिएटर बंद केले.
कौन्सिलचा माणूस तपासायला आला तेव्हा
हा स्वयंपाकघरात, ओव्हरकोट, मफलर, टोपीसकट.
"बिघाड आहे का काही?"
"नाही."
"मग थंडी नाही वाजत?"
(त्यांच्या भाषेत हे असं म्हणत नाहीत,
पण माझ्या आठवणीत तो असंच म्हणाला)
"वाजते की. तीही वाजते, म्हणून तर."

मग चाली.
त्याला कागद वाचता येत नव्हता, मलाही नाही.
तो हिरड्यांवरून गुणगुणायचा, तोंडातल्या तोंडात,
ऑइलक्लॉथवर बोटं उठवत, टेकवत.
एक त्याच्या मामाची, नाव नसलेली,
तिच्या तिसऱ्या ओळीत दोनदा
त्याची नुसती हवा निसटायची.
मी तिथे हवा सोडायला शिकले.

आता मी कॅल्गरीत. इथला हिवाळा लाकूड चावून खातो.
सफरचंदाची साल दर दोन दिवसांनी बदलते.
ती कड अजून झिजतेय, माझ्या ओठानं की वयानं, कोण जाणे.
मंगळवारी आम्ही सहासात जण जमतो;
लॉर्कन, फिडलवाला, मेयोकडचा,
दर वेळी सांगतो, "तिसऱ्या ओळीत दोन सूर राहतात तुझे."
मी म्हणते, तिथे दात होते.
तो हसतो. आम्ही परत वरून सुरू करतो,
आणि हल्ली, त्या जागी,
त्याचाही गज
तारेवरून थोडासा उचललेला असतो.